आठ क्विंटलची काच



औंधला यमाईच्या डोंगराखाली परवा बैठक भरली ती ज्वारीच्या भावावर बोलायला. बोलणे झाले ते डुकरावर. शाळू हुरड्याला आला की आमच्याकडे हेच होते. दिवसा सभा, रात्री माळ्यावर राखण. पत्र्याचे डबे बडवून हात दुखतात, फटाके वाजवून पैसे संपतात आणि डुकराला तिसऱ्या रात्री कळून चुकते की या आवाजात दम नाही. कळप शिरतो, ताटे आडवी करतो, दाणा भरलेली कणसे चघळतो आणि खाल्ले त्याच्या दुप्पट तुडवून जातो. बैठकीला आलेले विदर्भातले दोन कापूसवाले भाऊ हसले आणि म्हणाले, "तुमच्याकडं नुसती डुकरंच? आमच्याकडं रोही पण येते. पऱ्हाटी शेंड्यापासून खुडून नेते."

तेवढ्यात आमच्यातल्या एका भावाने पिशवीतून एक डबा काढून सतरंजीवर ठेवला. आत दुर्बीण होती. बंदुकीवर बसवायची. त्याच्याकडे वडिलांपासून चालत आलेला बारा बोअरचा परवाना आहे. पेठेतल्या एका दुकानदाराने सांगितले, "छऱ्याचं सोडा, एकगोळीचं काडतूस घ्या आणि वर ही परदेशी दुर्बीण लावा. दोनशे मीटरवरचं डुक्कर पडेल." मागितले तीस हजार. भावाने दिले. वनखात्याची लेखी परवानगी हातात आली आणि राखणीला जायच्या आधी त्याने ओढ्यात, दरडीला पाटी लावून नेम बघितला. तिसऱ्या बाराला दुर्बिणीची कड भुवईवर आदळली, दोन टाके पडले. पाचव्या बाराला आतली फुली तिरकी झाली. आता त्यातून बघितले की यमाईचा डोंगर कलंडलेला दिसतो.

बैठकीत सगळे हसले. आम्हीही हसलो. मग हिशेब केला आणि हसू गेले. २०२५-२६ च्या हंगामाला सरकारने मालदांडीचा हमीभाव ठरवला क्विंटलला ३७४९ रुपये. तो प्रत्यक्षात मिळतो का, हा वेगळा विषय, त्यासाठीच तर बैठक होती. मिळाला असे धरले तरी तीस हजार म्हणजे आठ क्विंटल शाळू. कोरडवाहू रानात एकराला चार-पाच क्विंटल उतरले तर आपण देवाला नारळ फोडतो. म्हणजे जवळपास दोन एकरांचे पीक वाचवण्यासाठी दोन एकरांचे पीक त्या भावाने नळकांड्यात घातले, आणि ते पाच बारांत गेले.

बैठकीत ठरले की यावर लिहायचे. परवाना नसलेल्या बंदुकीबद्दल, परवानगी नसताना झाडलेल्या बाराबद्दल आम्ही इथे एक अक्षर लिहिणार नाही. तारेत चोरून वीज सोडणारे आणि कणकेच्या गोळ्यात बॉम्ब घालून बांधावर ठेवणारे आपल्यातच आहेत, त्यांनाही आमचे सांगणे आहे. ती तार डुकराआधी शेजाऱ्याच्या पोराला धरते आणि तो गोळा डुकराआधी गाय खाते. हा शेतकऱ्याचा लढा नव्हे.

आता त्या दुकानदाराच्या दोनशे मीटरकडे येऊ.

कायद्याने पीक संरक्षणासाठी आपल्याला मिळते ती गुळगुळीत नळीची बंदूक. तिच्या नळीला आतून आटे नसतात. आटे असले की गोळी गिरक्या घेत सरळ जाते, रायफल म्हणतात ती हीच. गुळगुळीत नळीतून जाणारी एकगोळी गिरकीच्या भरवशावर नसते. तिचे वजन पुढे आणि मागचा भाग पोकळ असतो, म्हणून ती तोंड पुढे ठेवून जाते, इतकेच. अशा बंदुकीने टेकूवर ठेवून ५० मीटरवर पाच गोळ्या वीतभर जागेत घातल्या तर बंदूक चांगली, काडतूस चांगले आणि माणूसही चांगला असे समजावे. डुकराच्या पुढच्या पायामागची मर्माची जागा तेवढीच, वीतभर. म्हणजे ५० मीटरवर जेमतेम जमते. ७५ मीटरवर ती वीत दीड वीत होते आणि गोळी खाली पडू लागते ते वेगळेच. १०० मीटरवर आपण बार टाकत नाही, चिठ्ठी टाकतो. तिथे वर कोणतीही काच लावा. काच गोळीला वळण लावत नाही, ती फक्त डोळ्याला दाखवते. आणि आटे असलेली नळी बसवतो म्हणाल तर ती गुळगुळीत नळीची बंदूक राहिली नाही आणि तुमचा परवाना तिचा नाही.

मग दुर्बीण लागतेच कशाला? पन्नाशीच्या पुढच्या शेतकऱ्याला विचारा. त्याला जवळची माशी दिसते तर लांबचे डुक्कर दिसत नाही, आणि डुक्कर दिसते तर माशी पुसट होते. दुर्बिणीत फुली आणि जनावर एकाच ठिकाणी दिसतात. हा फायदा खरा आहे. संधिप्रकाशात थोडे उजळ दिसते, हाही खरा. छऱ्याच्या बारात आठ-नऊ मोठे छरे पसरतात. ते लांबून मारले की डुक्कर मरत नाही, जखमी होते, आणि जखमी डुक्कर सकाळी ज्वारी कापायला शिरलेल्या बाईच्या पोटऱ्या फाडते. एक गोळी, जवळून, योग्य जागी, याला आमचा विरोध नाही. विरोध आहे तो गरज नसलेल्या गोष्टी विकण्याला.

त्यातली पहिली म्हणजे मोठेपणा. दुकानात गेले की नऊपट, बारापट मोठे दाखवणारी दुर्बीण पुढे येते. पन्नास मीटरवरच्या डुकराला बारापट कशाला? बारापटीत डुकराचे केस दिसतात, डुक्कर दिसत नाही. ते हलले की शोधत बसा. एकपट ते चारपट बदलणारी घ्या, नाहीतर सरळ अडीचपटीची किंवा चारपटीची न बदलणारी. न बदलणारीत हलणारे भाग कमी. कमी भाग म्हणजे कमी बिघाड आणि कमी पैसे. मोटेच्या जागी पंप आला तेव्हापासून आपल्याला हे गणित पाठ आहे.

दुसरी म्हणजे पुढची काच. पन्नास मिलिमीटरची काच दाखवून दुकानदार म्हणतो, अंधारात दिसेल. आम्ही हिशेब मांडतो, तुम्ही ताडून बघा. पुढच्या काचेच्या व्यासाला पटीने भागा. येतो तो आकडा म्हणजे डोळ्यापाशी पोचणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्याची रुंदी. ३२ मिलिमीटरची काच, चारपट, म्हणजे ८ मिलिमीटर. ५० ची काच नऊपटीला लावली तर साडेपाच. अंधारात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर उघडते, साठीच्या माणसाची ५ च्या आसपास. त्याहून जास्त प्रकाश डोळ्यात मावतच नाही, बाहेर सांडतो. म्हणजे बत्तीसची साधी काच चारपटीला पुरून उरते. पन्नासची काच जड, उंच बसते, दस्त्याला गाल टेकत नाही, काट्याकुट्यात आधी तीच आपटते आणि किंमत मात्र दुप्पट.

तिसरी गोष्ट विकली जात नाही, कारण दुकानदाराला ती ठाऊक नसते. तीच सर्वांत महत्त्वाची. दुर्बिणीपासून डोळा किती लांब ठेवला की पूर्ण चित्र दिसते? आपल्या भावाच्या भुवईचे टाके याच प्रश्नाचे उत्तर आहेत. एकगोळीच्या काडतुसात सुमारे २८ ग्रॅम शिसे सेकंदाला ४०० मीटरहून जास्त वेगाने सुटते. तेवढाच धक्का मागे खांद्याला. हलकी एकनळी असली तर बघायलाच नको. दुर्बीण बंदुकीबरोबर मागे येते, डोळा जागेवर असतो. नऊ सेंटिमीटरहून कमी अंतराची दुर्बीण बारा बोअरवर लावू नका, दहा असेल तर बरे. मोजपट्टी नको. चार बोटे आणि त्यावर अंगठा आडवा ठेवा. तेवढ्या अंतरावरून काठापासून काठापर्यंत स्वच्छ दिसले तर पुढचे बोला.

छऱ्याच्या हवाई बंदुकीची दुर्बीण स्वस्त मिळते म्हणून काही जण तीच लावतात. ती कमजोर असते असे नाही. स्प्रिंगच्या हवाई बंदुकीचा धक्का आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी असतो, तो सोसणारी दुर्बीण मजबूतच असते. पण ती जवळच्या, दहा-तीस मीटरच्या नेमासाठी जुळवलेली असते. डोळा जरा सरकला की पन्नास मीटरवर फुली जनावरावरून सरकते. शिवाय डोळ्याचे अंतर बहुधा कमी. अंतर तपासा. पन्नास ते सत्तर मीटरला जुळवलेली मिळाली आणि चार बोटे-अंगठा पास झाला तर नाव कुठलेही असो, घ्या. नावाला आपण आठ क्विंटल देत नाही.

टिकाऊपणा दुकानातच तपासता येतो. दुर्बीण लाकडी ठोकळ्यावर कळ्यांनी घट्ट आवळा, समोरच्या भिंतीवरच्या खिळ्यावर फुली आणा. मग लाकडी दांड्याने ठोकळ्याला चार ठोके द्या. फुली खिळ्यावरून हलली तर डबा बंद करून परत द्या. पुढे, वरची फिरकी वीस खटके फिरवा आणि वीस खटके उलटी. फुली पुन्हा खिळ्यावर आली पाहिजे. बहुतेक दुर्बिणींत एका खटक्याला १०० यार्डांवर पाव इंच फरक पडतो, ५० यार्डांवर त्याच्या निम्मा. म्हणजे ५० यार्डांवर चार इंच सरकवायचे तर बत्तीस खटके. हे ज्याला सांगता येत नाही त्या दुकानदाराकडून काडतूससुद्धा घेऊ नये. आणि जलरोधक असे छापलेले असेल तर टोपणे घट्ट लावून कोमट पाण्याच्या बादलीत बुडवा. बुडबुडे आले की छापलेले खोटे. दुकानदार बादली देणार नाही म्हणतो? मग तो काय विकतो आहे ते तुम्हाला कळलेच.

बसवण्याबद्दल थोडे. आपल्याकडची बहुतेक हत्यारे मधे मोडून भरायची एकनळी किंवा दुनळी आहेत. त्यांच्यावर दुर्बीण बसवायला पाठच नाही. परवानाधारक कारागिराकडून भोके पाडून पट्टी लावता येते, पण नळी आणि पट्टी वेगवेगळ्या भागांवर असली आणि बिजागरी ढिली असली की दर बाराला नेम बदलतो. जुनी ढिली दुनळी असेल तर दुर्बिणीचे पैसे वाचवा, बिजागरी घट्ट करून घ्या आणि माशीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका लावा. हा सल्ला फुकट आहे म्हणून कोणी देत नाही. ठासणीच्या बंदुकीवर तर दुर्बीण म्हणजे बैलगाडीला आरसा. पंपाने भरायच्या नव्या बंदुकीच्या पाठीवर पट्टी नीट बसते, तिथे विचार करा. कोणताही बदल करण्याआधी परवाना देणाऱ्या कचेरीत विचारून लेखी घ्या, नंतर तक्रार ऐकायला कोणी नसते.

हे सगळे ऐकून एक म्हातारे बाबा म्हणाले, "किर्लोस्करांचा नांगर घेतला तेव्हा एवढं बघावं लागलं नव्हतं." बाबांचे चुकले नाही. १९१० साली औंध संस्थानातल्या माळरानावर, कुंडल रोड स्टेशनजवळ किर्लोस्करांचा कारखाना उभा राहिला. तिथल्या लोखंडी नांगराचा फाळ झिजला की दुसरा बसत होता. नांगर मोडला तर काय मोडले ते गावच्या लोहाराला दिसत होते. दुर्बीण मोडली की काहीच दिसत नाही, ना बाहेरून ना आतून. ज्या संस्थानच्या आश्रयाने कऱ्हाडजवळ ओगल्यांचा काच कारखाना निघाला आणि प्रभाकर कंदील घरोघर लागला, त्या मुलखात शेतकऱ्याला परवडणारी काच मिळू नये, हे कोणाच्या डोक्यात जाते का? देहरादूनला सरकारी कारखाना फौजेसाठी नेमाच्या दुर्बिणी करतो. खडकीचा १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना, आता म्युनिशन्स इंडिया, बारा बोअरची काडतुसे करतो. चारपटीची, बत्तीसच्या काचेची, धक्का सोसणारी साधी दुर्बीण करणे या देशाला जड नाही. कोरडवाहू शेतकरी गिऱ्हाईक म्हणून कोणाच्या खिजगणतीत नाही, म्हणून ती होत नाही. तोपर्यंत परदेशी नावाची खोकी येतात आणि जो जास्त घाबरलेला त्याला जास्त भावाने विकली जातात.

पण समजा, दुर्बीण चांगली मिळाली. नेम बसला. पुढे?

१९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम १३ काढून वाचा. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना अधिकाऱ्याने द्यावा असे ते म्हणते, आणि ठासणीची पुरणार नाही अशी त्याची खात्री झाली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. कलम १४ सांगते की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येणार नाही, आणि नकाराची कारणे लेखी नोंदवावी लागतील. कागदावर कायदा आपल्या बाजूचा आहे. कचेरीत गेले की पहिला प्रश्न येतो: जमीन किती, उत्पन्न किती? दोन एकरवाल्याचे पीक डुक्कर खात नाही काय?

बरे, परवाना मिळाला. आता १९७२ चा वन्यजीव कायदा उघडा. रानडुक्कर पूर्वी तिसऱ्या परिशिष्टात होते. २०२२ च्या दुरुस्तीने परिशिष्टे बदलली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि डुक्कर आणि रोही दोन्ही दुसऱ्या परिशिष्टात गेली. म्हणजे आपली पिके तुडवता तुडवता त्यांना बढती मिळाली. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ खाली मारण्याची परवानगी मिळू शकते, मुख्य वन्यजीव रक्षकाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने लेखी आदेश काढला तर. स्वसंरक्षणात जनावर मारले गेले तर गुन्हा नाही, पण ते माणूस वाचवण्यासाठी, ज्वारी वाचवण्यासाठी नाही. एका कायद्याने बंदूक दिली, दुसऱ्याने चाप धरून ठेवला. आणि कलम ३९ वाचलेत तर हसावे की रडावे कळणार नाही. परवानगीने मारलेले डुक्कर सरकारच्या मालकीचे होते. जिवंत असताना रात्रभर आमच्या रानात चरते तेव्हा ते कोणाचेच नसते, त्याच्या चाऱ्याचे बिल कोणाला लावता येत नाही. मेले की लगेच मालक हजर!

बिहारात २०१५ साली आणि उत्तराखंडात २०१६ साली केंद्राने कलम ६२ वापरून ठराविक जिल्ह्यांपुरते, ठराविक मुदतीसाठी डुकराला उपद्रवी ठरवले. केरळने २०२२ साली डुकरे मारण्याच्या आदेशाचा अधिकार ग्रामपंचायतीच्या अध्यक्षापर्यंत नेला. औंधकरांनी हे वाचून खाली मान घालावी. १९३९ साली याच संस्थानात राजाने आपणहून सत्ता सोडून कारभार गावपंचायतींच्या हाती दिला होता, गांधीजींचा सल्ला घेऊन. जे गाव तेव्हा आपला कारभार आपण बघू शकत होते, त्याला आज आपल्या बांधावरच्या डुकराबद्दल ठरवता येत नाही.

शहरातले मित्र म्हणतात, जंगल तोडले म्हणून डुकरे रानात आली. जंगल काय आम्ही खटाव-माणच्या माळावर तोडले? काळवीट, मोर आम्हालाही प्रिय आहेत, ते कायद्याने पहिल्या परिशिष्टात आहेत आणि तिथेच राहावेत. कोणी दुर्बीण लावून काळविटावर नेम धरला तर त्याला आधी आम्ही धरू. पण देशाचे जनावर म्हणून जे राखायचे त्याचा खर्च देशाने वाटून घ्यावा, एकट्या शाळूवाल्याच्या माथी मारू नये. नुकसानभरपाईचे अर्ज भरून आम्ही थकलो. भरपाई ही भीक आहे, आम्हाला पीक हवे आहे.

निवडणूक आली की आणखी एक गंमत. बंदुका ठाण्यात जमा करा असा निरोप येतो. हुरड्याचे दिवस असले तरी. बंदूक कोपऱ्यात दहा बंदुकांच्या ढिगात टेकवली जाते, महिन्याने परत येते तेव्हा दुर्बिणीचा नेम कुठल्या कुठे. पुन्हा चार काडतुसे नेम बसवण्यात घालवा. म्हणून दुर्बीण घेतलीच तर कळी आवळल्यावर स्क्रूच्या डोक्यावर आणि कडेला रंगाची बारीक रेघ मारून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की समजा, हलली आहे. पहिला बार जनावरावर टाकू नका.

आणि एक गोष्ट आम्ही दोनदा लिहितो, कारण ती एकदा विसरली की दुसरी संधी नसते. दुर्बीण बघण्यासाठी नाही. अंधारात काय हलले ते बघायला बॅटरी वापरा, हाक मारा. दुर्बिणीतून बघायचे म्हणजे भरलेली बंदूक त्या दिशेला धरायची. शाळू माणसाहून उंच असतो, त्यात राखणदार झोपलेला असतो, पाणी पाजायला आलेली शेजारीण असते. एकगोळी चुकली तर ती पाचशे मीटरवरही माणूस मारते. मागे दरड किंवा ताल असेल तरच बार, सपाट माळावर नाही. पुन्हा लिहितो: दुर्बीण बघण्यासाठी नाही.

पुढच्या बैठकीला आम्ही तीन कागद आणणार आहोत: कलम १३ आणि १४ चे मराठी टिपण, पीक संरक्षण परवान्याच्या अर्जाचा नमुना, आणि कलम ११ खालच्या परवानगीसाठी गावाने एकत्र करायचा अर्ज. गेल्या दोन हंगामांत ज्यांच्या रानात डुक्कर शिरले त्यांनी गट नंबर, पीक, तारीख आणि पंचनामा झाला की नाही हे लिहून आणावे. तो भाऊ तिरक्या फुलीची दुर्बीणही आणणार आहे. ज्यांना पेठेत जाऊन घ्यायची आहे त्यांनी आधी तीतून यमाईचा डोंगर बघून घ्यावा.